मावशी म्हणजे कोण

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. बऱ्याच घरी फोन आले होते, पण परदेशी बोलायचं म्हणजे अजून आवाज चढवावा लागे आणि आपलंच बोलणं आपल्याला मागाहून परत ऐकू येई. त्या साली बारकी परदेशी गेली, आणि पुरतं वर्ष व्हायच्या आत परतही आली. कशी परत आली, त्याची ही गोष्ट.

बारकी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. तिघी बहिणींत धाकटी आणि अंगानं काडी, म्हणून सगळे बारकी म्हणत. वडील लवकर गेले. आईनं माईंच्या घरी स्वयंपाक करून तिघींना वाढवलं, थोरल्या दोघींची लग्नं लावली. माई म्हणजे गावातल्या बड्या डॉक्टरांची बायको, आणि ताई ही त्यांची एकुलती एक लेक. ताई फ्रॉकात होती तेव्हापासून बारकीची आई त्या घरात ओट्याशी उभी होती. तिला सगळे मावशी म्हणत. माई म्हणत, डॉक्टर म्हणत, ताई म्हणे, गॅसची टाकी आणणाराही म्हणे. नावानं हाक मारणं उद्धटपणाचं आणि बाई म्हणणं कोरडं, म्हणून आपल्याकडे हा मधला मार्ग काढलेला आहे. कामाला ठेवायचं आणि मावशी म्हणायचं. ऐकणाऱ्याला गोड, म्हणणाऱ्याला फुकट.

पण बारकीच्या आईनं तो शब्द खरा धरला होता. तिनं ताईच्या वेण्या घातल्या, ताईला गोवर निघाला तेव्हा उशाशी बसून रात्री काढल्या, आणि ताई सासरी निघाली तेव्हा माईंपेक्षा जास्त रडली. गल्लीत कुणी "कामावरून आलात का" असं विचारलं की तिला राग येई. पुढे ताई नवऱ्याबरोबर परदेशी गेली, तर आईनं गल्लीभर सांगितलं, "आमची ताई विमानात बसली." शेजारीण पदराआड हसे. बारकीला ते हसू कळे, आईला कळत नसे. की कळत असून ती वळवून घेत नसे, कोण जाणे.

बारकीला नर्स व्हायचं होतं. दुसरं काही नाही. बारावी झाली, पण इथल्या कुठल्याच नर्सिंगच्या शाळेत तिला जागा मिळाली नाही, म्हणून दोन वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरच्या मागे उभी राहून चिठ्ठ्या वाचत होती. तशात ताई माहेरपणाला आली. बरोबर तीन वर्षांची पिल्लू. पिल्लू कुणाच्या हातून घास घेईना. एका संध्याकाळी बारकी आईला न्यायला गेली, पिल्लूला कडेवर घेऊन मागच्या दारी कावळे दाखवत बसली आणि पोरीनं वाटीभर भात संपवला. ताई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, हिलाच नेते.

तिकडे असा एक प्रकार होता, त्याला 'ओ पेर' म्हणत. परक्या देशातली मुलगी वर्षभर घरात ठेवून घ्यायची. तिनं थोडा वेळ मूल सांभाळायचं, घरच्यांनी तिला खोली, जेवण, हातखर्च द्यायचा आणि तिकडची भाषा शिकायला वर्गात धाडायचं. ती पाहुणी नव्हे आणि मोलकरीणही नव्हे. मग कोण, असं माईंनी विचारलं. ताई म्हणाली, "घरच्यासारखी." शेजारणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पेर? म्हणजे पेरणीला नेतायत की काय पोरीला? अहो, तिथं काय माणसं कमी पडली?" त्यावर आईसुद्धा हसली.

बारकी मात्र एका गोष्टीला धरून बसली. ताईनं बोलता बोलता सांगितलं होतं की तिकडच्या नर्सिंगच्या शाळांना मुली कमी पडतात. भाषेची परीक्षा पास झालं की परक्या मुलींनाही घेतात, वर शिकता शिकता पैसेही देतात. वर्षाच्या शेवटी ती परीक्षा. बारकीनं ते ऐकलं आणि औषधांच्या दुकानात दुसऱ्या दिवशी काम सोडत असल्याचं सांगून टाकलं.

अशा मुली धाडणाऱ्या एजन्सीची एक अट होती. मुलगी कुटुंबाच्या नात्यातली असता कामा नये. नाहीतर लोक आपल्या भाच्या-पुतण्या आणून ठेवतील, असं सरकारला वाटे. नातं आहे का, असं विचारल्यावर ताई मोकळेपणानं हसली. "छे हो. नात्यातली कुठून असणार?" ते खरंच होतं. एजन्सीच्या कारकुनानं तसं लिहून घेतलं आणि बारकी विमानात बसली.

ताईचं घर एका उंच इमारतीत होतं. दारातून आत गेलं की लांबलचक बोळ, बोळाच्या दोन्ही हातांना खोल्या, आणि शेवटी स्वयंपाकघर, त्याला एकच अरुंद खिडकी. खिडकीतून खालची ट्रॅमची वळणाची जागा दिसे आणि ट्रॅम वळताना भांडी किणकिणत. बारकीला एक छोटी खोली दिली होती. पलंग, टेबल, दिवा. एवढी जागा एकटीला तिला जन्मात मिळाली नव्हती. पहिल्या दिवशी ती ताईला मॅडम म्हणाली, तर ताईनं कानाला हात लावले. "मॅडम काय गं? ताई म्हण. म्हणजे पिल्लू तुला मावशी म्हणेल." आणि पिल्लू म्हणू लागलीही. बारकीला आपण मोठ्या झालो असं वाटलं. फोनवर तिनं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, आता आपल्या घरात दोन मावश्या.

पहिला महिना बरा गेला. मग ताईनं पुन्हा नोकरी धरली. पिल्लूला सकाळी उठवायचं, दूध द्यायचं, बालवाडीत सोडायचं, आणायचं, हे ठरलेलंच होतं. त्याला हळूच ताईच्या नवऱ्याचा, भावजींचा, डबा चिकटला. डब्याला शर्टांची इस्त्री चिकटली. आठवड्यातून एकदा फरशी पुसायला एक बाई यायची, तिला ताईनं बंद केलं. "आता बारकी आहे ना." भावजींना घरी काम करायला संगणक आला, तो ठेवायला छोटी खोलीच सोयीची निघाली. बारकीची गादी पिल्लूच्या खोलीत गेली, इस्त्रीच्या टेबलाखाली अर्धी आणि बाहेर अर्धी. सुट्टीच्या दिवशी ताईच्या मैत्रिणी पत्ते खेळायला जमत, तेव्हा चार घरांची पोरं एका खोलीत आणि त्यांच्यात बारकी. कुणाकडे बाळंतपण असलं, कुणाकडे पाहुणे असले, की ताई फोनवर म्हणे, "अगं, काळजी कशाला? आमच्या बारकीला पाठवते." कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी ऐकली होती. इथं इस्त्रीपुरती बहीण निघाली.

भाषेचा वर्ग आठवड्यातून दोनदा असे, एका शाळेत, सकाळचा. बाकं लहान मुलांची, त्यामुळे गुडघे टेबलाला लागत. शिकवणाऱ्या बाई हाडापेरानं मोठ्या, स्वेटरच्या बाहीला कायम खडूची पांढरी भुकटी. बारकीनं त्यांना सांगितलं की आमच्याकडे शिक्षिकेला 'बाई' म्हणतात. त्यांना ते इतकं आवडलं की सगळा वर्ग त्यांना बाई म्हणू लागला. भांडी घासणारीलाही आमच्याकडे बाईच म्हणतात, हे सांगायचं बारकीनं टाळलं.

वर्गात पहिल्यांदा नाती शिकवली. ही माझी आई. हा माझा भाऊ. ही माझी बहीण नाही. मग धंदे शिकवले. बेकरीवाला, ड्रायव्हर, नर्स, मोलकरीण. बारकीला भाषा पटापट येई. पण ताई म्हणे, आज एक दिवस बुडव, पिल्लूला ताप आहे. आज बुडव, पाहुणे येतायत. आज बुडव, माझी मीटिंग आहे. एक एक दिवस करता करता वर्ग बुडण्याचाच नेम झाला आणि जाणं हा अपवाद. बाईंनी एकदा तिला मागे थांबवून घेतलं. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येत नाही, हे तिला माहीत होतं का? बारकीला माहीत होतं. बाईंनी विचारलं, मग? बारकीनं मोडक्यातोडक्या वाक्यांत सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की या मुलींची चौकशी करणारं एक सरकारी कार्यालय आहे. घरचे नीट वागवत नसतील तर ते दुसरं घर मिळवून देतात. वर्ष तुटत नाही, वर्ग सुटत नाही, परीक्षा होते. फक्त तक्रार तिनं स्वतः करायला हवी.

बारकीनं लगेच तक्रार केली नाही. ज्या घरचं अन्न खाल्लं त्या घरावर सरकार सोडायचं, हे तिला जमेना. ती आधी ताईशी बोलली. ताई आरशासमोर कानातले घालत होती. बारकीनं सांगितलं की वर्गाच्या सकाळी तेवढ्या मला मोकळ्या ठेवा, बाकी तुम्ही म्हणाल ते करते. ताईनं आरशातूनच तिच्याकडे बघितलं.

"घरात कुणी तास मोजतं का गं? मी मोजते? तुझ्या आईनं कधी मोजले?"

"आईला परीक्षा नव्हती, ताई."

"बघ, म्हणजे मी तुला बहीण मानायचं आणि तू हिशोब काढायचास." ताईनं दुसरं कानातलं घातलं. "जा वर्गाला. पुढच्या आठवड्यापासून जा. या आठवड्यात मला फार आहे."

पुढच्या आठवड्यातही तिला फार होतं. त्या आठवड्यात बारकीनं बाईंना सांगितलं, करते तक्रार.

कार्यालयाचं पत्र आलं की अधिकारी भेटीला येतील. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संगणक उचलून बैठकीत नेला, छोट्या खोलीत पलंग पुन्हा मांडला, टेबलावर फुलदाणी ठेवली. इस्त्रीचं टेबल कपाटामागे गेलं. भावजी हा तसा भिडस्त माणूस, घरात काय चाललंय ते वर्तमानपत्राच्या पलीकडून बघणारा. त्या संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांचे तिथं कायमचं राहण्याचे कागद सरकारात अडकलेले होते आणि घरावर दंड बसला तर ते कागद कायमचे अडकणार होते. बारकीला म्हणाले, "हे बघ, आपल्या माणसांनी आपल्या माणसाच्या पायात पाय घालू नये." इतके महिने त्यांनी तिला एकदाही आपलं म्हटलं नव्हतं. शर्टाचं बटण तुटलं तरी ते ताईला सांगत आणि ताई तिला सांगे.

अधिकारी बाई आल्या त्या दुपारी घर फुलदाणीसारखं सजून बसलं होतं. बाई मध्यम वयाच्या, पायात चपटे बूट, बोलणं सौम्य, नजर सगळीकडे. त्यांच्याबरोबर एक दुभाष्या होता. मूळचा आपल्याच भाषेचा, पण लहानपणीच तिकडे गेलेला, टक्कल पडलेला गृहस्थ. त्याची भाषा त्याच्या आईकडून जेवढी मिळाली तेवढीच होती, आणि ती त्यानं चांदीच्या भांड्यासारखी पुसून ठेवली होती. प्रत्येक शब्दाचा नेमका अर्थ सांगायचा, कमी नाही, जास्त नाही, याचा त्याला अभिमान होता.

सगळे बैठकीत बसले. ताईनं आज बारकीला आपल्याशेजारी सोफ्यावर बसवलं. अधिकारी बाईंनी विचारलं, सकाळी किती वाजता उठतेस, काय करतेस, वर्ग किती बुडले, इस्त्री कुणाची करतेस. बारकी सांगत गेली. बरंचसं ती त्यांच्याच भाषेत सांगत होती, अडलं तर दुभाष्याकडे बघे. ताई मध्ये मध्ये हसून दुरुस्त्या करत होती, पण तिच्या गळ्याशी घाम आला होता. अधिकारी बाईंचा चेहरा कठीण होत चालला होता. बारकीला वाटलं, झालं. आता या म्हणतील, सामान बांध.

तेवढ्यात पिल्लू झोपेतून उठून डोळे चोळत आली. आईकडे गेली नाही. सरळ बारकीच्या मांडीवर चढली आणि म्हणाली, "मावशी, शू आलीय."

अधिकारी बाईंनी मुलीकडे बघून हसून विचारलं, काय म्हणाली ती? दुभाष्यानं नेमकं सांगितलं. मुलगी म्हणते, आईच्या बहिणी, मला लघवीला जायचंय.

"आईची बहीण?" अधिकारी बाईंनी पेन थांबवलं.

दुभाष्यानं पुन्हा सांगितलं की हो, त्या शब्दाचा दुसरा अर्थ नाही. आईची बहीण ती मावशी. वर असंही सांगितलं की ही मुलगी मघापासून बाईसाहेबांना थोरली बहीण म्हणते आहे. बिचाऱ्यानं काही खोटं सांगितलं नाही. त्याच्या आईनं त्याला जेवढं शिकवलं त्यात कामाला येणाऱ्या मावश्या नव्हत्या.

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी समजावून सांगितलं की नातेवाईक असाल तर हा परवानाच मुळात चुकीचा. मग तो रद्द होईल, मुलीला परत जावं लागेल. आणि मग कामाच्या तासांचा प्रश्न त्यांच्या कार्यालयाचा राहत नाही, नातेवाइकांनी एकमेकांच्या घरी काय करावं यात सरकार पडत नाही. चूक एजन्सीची धरली जाईल. म्हणून विचारते, तुमचं नातं आहे का?

ताईला हे कळायला एक क्षणही लागला नाही. बारकी बघत होती. ताईच्या चेहऱ्यावरची घडी आधी सुटली, मग डोळे शांत झाले, आणि मग तिनं हात उचलून बारकीच्या खांद्यावर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"हो," ताई म्हणाली. "हिची आई माझी मावशी. लहानपणापासून मी तिला मावशीच म्हणते. एजन्सीवाल्यांना आमची नाती कुठली कळायला."

पहिला 'हो' सोडला तर एकही शब्द खोटा नव्हता. त्यातच सगळी मेख होती.

बारकीनं खांदा काढून घेतला. तिला ते वाक्य येत होतं, वर्गातलं, पहिल्या धड्यातलं. ती त्यांच्या भाषेत म्हणाली, ही माझी बहीण नाही.

मग कोण, असं अधिकारी बाईंनी विचारलं. शब्द तिला येत होता, पण तो आईसाठी वापरायचा होता. त्या गल्लीत, त्या शेजारणीपुढं, एवढ्या वर्षांत आईनं जो शब्द उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही, तो तिला इथं सोफ्यावर बसून उच्चारायचा होता. पिल्लू मांडीवर चुळबुळत होती. बारकीनं तिला खाली ठेवलं आणि सांगितलं. माझी आई यांच्या आईच्या घरी मोलकरीण आहे. स्वयंपाक करते. पगार घेते. आमच्याकडे मोलकरणीला मावशी म्हणतात.

दुभाष्यानं नवल करून मान हलवली. असं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. ताई आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "अगं, स्वतःच्या आईला असं म्हणतात का? ऐकलं तर तिला काय वाटेल?" दुभाष्यानं तेही नेमकं सांगितलं, आणि अधिकारी बाईंना तेवढं पुरेसं झालं. घर सोडायला उतावीळ झालेली, आईलाही मोलकरीण म्हणायला मागेपुढे न बघणारी मुलगी, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं.

"आईलाच विचारा," बारकी म्हणाली. हे तिनंच सुचवलं. दुसऱ्या कुणी नाही. आई कष्टाची होती, आयुष्यात खोटं बोललेली नव्हती. आई सांगेल ते खरंच सांगेल, एवढीच खात्री तिला होती.

आईच्या गावी तेव्हा संध्याकाळ होती. आई माईंच्या घरीच असणार होती, आणि फोनही माईंच्याच घरी होता. ताईनं फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं बटण दाबलं. अधिकारी बाईंनी बजावलं की आधी कुणीही बोलायचं नाही, दुभाष्याच विचारेल. फोन माईंनी उचलला. परका, भारदस्त आवाज, परदेशी सरकारातून बोलतोय म्हणतो, मुलीच्या आईशी बोलायचंय म्हणतो. माई घाबरल्या. त्यांनी आत हाक मारली, "मावशी, लवकर या, बारकीच्या तिकडून सरकारचा फोन आहे." दुभाष्यानं अधिकारी बाईंकडे बघितलं. बघा, असं त्याची नजर म्हणत होती.

पदराला हात पुसत आई आली असेल. हलो म्हणाली. माई शेजारीच उभ्या होत्या, त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"नमस्कार," दुभाष्या म्हणाला. "आपली मुलगी ज्यांच्याकडे राहते, त्या बाईंच्या आपण कोण?"

आईला वाटलं, पोर चांगल्या घरात आहे ना, याची चौकशी चाललीय. सरकार ते. उगाच शंका घेणारं. तिनं आवाज चढवला, परदेशी पोचायला हवा म्हणून.

"मी? मी तिची मावशी."

"मानलेली की सख्खी?" माणूस नेमका होता, त्यानं तेही विचारलं.

"मानलेली कशानं? माय मरो आणि मावशी उरो म्हणतात, ती मावशी मी. पोटच्या पोरीसारखं वाढवलंय मी ताईला. माईंना विचारा, या इथंच आहेत."

"आपण त्या घरी कामाला आहात का?"

बारकी सोफ्यावरून उठली. नियम विसरून ती ओरडली, "आई, खरं सांग." अधिकारी बाईंनी हात वर केला.

"कोण, बारकी का गं? खरंच सांगतेय की," आई म्हणाली. आणि मग दुभाष्याला, जरा दुखावून, "काम कसलं हो? आपल्या घरात करतो त्याला कुणी काम म्हणतं का? आमची पोर आपल्याच माणसात आहे, काही काळजी करू नका तुम्ही."

फोन बंद झाला. दुभाष्यानं सगळं सांगितलं. कमी नाही, जास्त नाही.

परवाना रद्द झाला. निघेपर्यंतच्या दिवसांत ताई फार गोड वागली. बॅग दिली, आईसाठी साडी दिली, म्हणाली, "मनात काही ठेवू नकोस. आमचा नाइलाज होता. कागद मिळाले की आम्हीच तुला पुन्हा बोलावू." बारकीनं बॅग घेतली. साडी पलंगावर ठेवून आली. बाईंना भेटायला ती वर्गात गेली, तर वर्गाला सुट्टी होती. शाळेच्या दारात पंधरा मिनिटं उभी राहून परत आली.

घरी पोचली तेव्हा आई दारात ओवाळायच्या बेतात होती. आईला वाटत होतं, काहीतरी कागदांची गडबड झाली. जेवायला बसल्यावर ती कौतुकानं म्हणाली की त्या सरकारी माणसाला मी कसं ठणकावून सांगितलं, ऐकलंस ना. बारकीनं ताट सरकवलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. सोफ्यावर बसून कोणता शब्द वापरला तेही सांगितलं.

आईनं बराच वेळ ताटातला भात चिवडला. मग म्हणाली, "मग मी काय म्हणायला हवं होतं? मोलकरीण?"

"हो."

"तुझ्यासाठी?"

"हो. माझ्यासाठी."

"ते नाही जमणार मला," आई म्हणाली. उठून तिनं हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला माईंकडे गेली.

ताई-भावजींना कायमचे कागद मिळाले. पुढे त्यांनी शहराबाहेर घर घेतलं, मागे बाग असलेलं. त्यांनी नंतर तीन ओ पेर ठेवल्या, सगळ्या दुसऱ्या देशांच्या, आपल्या भाषेचा गंध नसलेल्या. आपल्याकडची एक मुलगी आणली होती, पण तिला घरची फार आठवण यायची, टिकली नाही, असं ताई सांगते. बारकीला पुन्हा बोलावणं आलं नाही.

पिल्लू तिकडेच शिकली, तिकडेच लग्न केलं. तिला आपली भाषा येत नाही. बारकी तिला आठवत नाही, आणि आठवावी असं तिचं वयही नव्हतं.

वर्गातल्या बाईंनी वर्षभरानं एक कार्ड पाठवलं. तू पास झाली असतीस, असं त्यात लिहिलं होतं. बारकीला ते वाचायला शब्दकोश काढावा लागला. त्या दुभाष्याचं काय झालं ते कळलं नाही. बहुधा तो अजून नेमकं भाषांतर करत असेल.

बारकीनं इथं दोनदा नर्सिंगला अर्ज केला, मग वय उलटलं. ती शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात लागली आणि कॉलरच्या टेबलावर मुकादम झाली. लग्न केलं नाही. कुणाचं मूल तिनं पुन्हा सांभाळायला घेतलं नाही, बहिणींचीसुद्धा नाहीत, आणि त्यावरून बहिणींनी बोलणं टाकलं.

आई गुडघे जाईपर्यंत माईंकडे जात राहिली. डॉक्टर वारले, माई थकल्या, आणि एके दिवशी आईला जिनाच चढवेना. माईंनी रिक्षानं घरी पाठवलं, बऱ्या व्हा आणि या म्हणाल्या. आठ-दहा दिवसांनी आईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून माईंना फोन केला, तुमच्या पथ्याचं कोण बघतंय ते विचारायला. माई म्हणाल्या, "थांबा हं, आज काय केलंय ते विचारते," आणि त्यांनी आत हाक मारली, "मावशी, अहो मावशी." आतून एका तरुण बाईनं ओ दिली.

त्या संध्याकाळी बारकी कारखान्यातून आली तेव्हा आई दिवा न लावता बसली होती. बारकीनं दिवा लावला, चहा टाकला. आईनं कप घेतला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "तुझी ती परीक्षा होती ती, ती कसली होती गं?"

"आता काय करायचंय," बारकी म्हणाली, आणि स्वतःचा चहा गाळायला वळली.